मधली जागा

१

घोडेगावला एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत माझं नकाशे काढायचं दुकान आहे. दुकान म्हणजे एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि बाहेरच्या बाकड्यावर बसलेली चार माणसं. ह्या माणसांना नकाशा नेहमी कालच हवा असतो. घरकुल, गोठा, शौचालय, शाळेची वाढीव खोली, सगळं काढून झालंय. बावीस वर्षांत फक्त मेलेल्या माणसांसाठी काही काढलं नव्हतं, ते यंदा काढलं, आणि माझी पार वाट लागली.

माझं गाव कोंढरवाडी. आत्ताची नवी. जुनी कोंढरवाडी धरणात गेली तेव्हा मी सहा वर्षांचा होतो. आमची भावकी मूळची मेंढरामागची. आमच्यात माणूस जाळत नाहीत, पुरतात, आणि आडवा नाही पुरत. मांडी घालून, तोंड उगवतीला करून बसवतात. हे ऐकलं की पुण्याची गिऱ्हाइकं डोळे मोठे करतात. मला त्यात काही विशेष वाटत नाही. जन्मभर मेंढरामागं चाललेला माणूस, त्याला शेवटी तरी बसू द्या की.

अडचण जागेची होती. नव्या गावाला पुरायला एक गुंठा मिळाला होता. वरच्या अंगाला वनखातं, खालच्या अंगाला धरणाचं पाणी, दोन्ही कडांना लोकांची शेतं. जवळपास चाळीस वर्षांत तो गुंठा असा काही भरला की गेल्या दिवाळीत सावळेराम खड्डा घेत होता, तर त्याच्या पहारीला आधीच्या कुणाचा तरी गुडघा लागला. आमच्या गावचे सगळे खड्डे सावळेरामच खणतो. त्यानं हात जोडले, चुकलं म्हणाला आणि दोन हात बाजूला सरकला. तिथं कोपर लागलं. शेवटी त्या दिवशीचं माणूस कसंबसं अंग चोरून बसवलं, आणि आता ह्यापुढं आपल्याच्यानं होणार नाही असं त्यानं ग्रामपंचायतीत जाऊन सांगितलं.

आमची सरपंच मोहिनी. वय एकोणतीस, आणि बोलायला लागली की मोठमोठे अधिकारी कागद शोधायला लागतात. तिनं गायरानातले दोन गुंठे मिळवले आणि माझ्या दुकानात येऊन बसली. तिच्या अटी तीन. सिमेंट नको, झाड तुटायला नको, आणि दोन गुंठ्यांत पुढची पन्नास वर्षं निघाली पाहिजेत. फुकट काढून दे, गाव तुझंही आहे, ही चौथी अट तिनं उठताना सांगितली.

मी काढलं. खोटं कशाला बोलू, मन लावून काढलं. दोन गुंठे म्हणजे तेहेतीस फूट रुंद आणि सहासष्ट फूट लांब. बसलेल्या माणसाला चार फुटांचा चौक बास होतो. वर ओटा नाही, फरशी नाही, फक्त विटेएवढा दगड. अंगावर सुती कापड, प्लॅस्टिकचे हार बंद. कडेची करंजाची झाडं आहेत तशीच. पंधरा वर्षांत सगळ्याची माती झाली की त्याच खड्ड्यात त्याच घरातलं पुढचं माणूस. मधून पाच फुटांची वाट, वाटेच्या एका अंगाला दोन-दोन चौक, दुसऱ्या अंगाला तीन-तीन. अशा चौदा ओळी, एकूण सत्तर जागा. एक इंच वाया नाही. प्रिंट काढून मी तो कागद बराच वेळ नुसताच बघत बसलो होतो.

२

सोमवारी समाजमंदिरात नकाशा भिंतीवर लावला. सगळ्यात आधी लंकाबाई उठली. लंकाबाई सत्तरीची, आमच्या आईची शेजारीण, आणि गावातल्या प्रत्येक कामात पहिली हरकत तिची असते. त्याच खड्ड्यात घरातलं पुढचं माणूस म्हणजे सासूच्या डोक्यावर सून बसणार का, असं तिनं विचारलं. मी म्हटलं, पंधरा वर्षांनी सासू उरतेच कुठं, तिची माती होते. लंकाबाई म्हणाली, तू माझ्या सासूला ओळखत नाहीस.

त्यावर अर्धा तास गेला. मग मागं भिंतीला टेकून बसलेला सावळेराम पुढं आला, चष्मा वर करून नकाशाजवळ गेला आणि म्हणाला, "ही तर यष्टी हाय."

सगळ्यांनी बघितलं. मीही बघितलं. मधे वाट, इकडं दोनची सीट, तिकडं तीनची सीट. बावीस वर्षं स्टँडच्या मागं बसून माझ्या हातून दुसरं काय निघणार. एकदा यष्टी दिसल्यावर लोकांना दुसरं काही दिसेना. पुढच्या चाकावरची जागा नको, पाय आखडतात. शेवटच्या ओळीत धक्के बसतात. कडेच्या करंजाला लागून जी जागा ती खिडकी, तिथनं धरण दिसेल, ती आम्हाला पाहिजे. माझं डोकं तापलं. मी म्हटलं, उद्या मी जाग्यावर खुंट्या ठोकून सुतळी लावतो, साठीच्या पुढच्या माणसांनी आपल्याला कुठं बसायचंय तिथं खूण ठेवावी, गुरुवारच्या ग्रामसभेत नावं पक्की करू. हे माझंच वाक्य. त्याची शिक्षा मी अजून भोगतोय.

त्या आठवड्यात मी आईकडंच मुक्कामाला होतो. माझी आई तुकाबाई, ऐंशी वर्षांची. रात्री ताटात भाकरी टाकता टाकता तिनं सांगितलं की तिला दोन जागा पाहिजेत. एक तिची, एक माझ्या बापाची.

माझा बाप बहिरू मी चार वर्षांचा असताना तापानं गेला. त्याला जुन्या गावात नदीकाठी बसवला होता. दोन वर्षांनी पाणी आलं. उन्हाळ्यात धरण उतरलं की जुन्या शाळेच्या भिंती वर येतात, पण नदीकाठ खोलात, तो कधी वर आला नाही. आमच्याकडं त्या सगळ्यांना 'खालची माणसं' म्हणतात. आई गेली चाळीस वर्षं सणाला एक निवद पाण्यात सोडते, आणि परत येताना कुणाशी बोलत नाही.

मी तिला नियम सांगितला. जिवंत माणूस एक, जागा एक. खालची माणसं धरली तर चाळीस घरांच्या चाळीस मागण्या येतील, आणि नकाशा काढणाऱ्यानंच आपल्या आईला दोन दिल्या असं होईल. आई म्हणाली, "मला त्याच्यासंगं बसायचंय. दुसरं कायबी मागत न्हाई मी." मी म्हटलं, तो तिथं खाली आहे, इथं वर रिकामी जागा ठेवून काय मिळणार. दुसऱ्या दिवशी भाकरी माझ्याकडं पाठ करूनच वाढली.

३

मंगळवारी मी आणि सावळेरामनं चुन्याची फक्की मारून आखणी केली, खुंट्या ठोकल्या. बुधवारी सकाळी जाऊन बघतो तर गाडी जवळपास फुल.

टॉवेल, उपरणी, पिशव्या, एक छत्री, एक तांब्या, कुणाची तरी विड्याची चंची. एका चौकात अर्धी चघळलेली काठी आणि तिला बांधलेली शेळी, कारण मालकाला दुसरं काही सापडलं नव्हतं. लंकाबाईनं खिडकीकडचे दोन चौक धरले होते. एकात स्वतःची परडी, दुसऱ्यात वीट. विचारल्यावर ती वीट आपल्या बहिणीची आहे म्हणाली, आणि तिची बहीण जुन्नरला नांदते हे मला माहीत होतं. दोन सख्खे भाऊ एकमेकांचे टॉवेल उचलून फेकत होते. माणसं मरायला अजून अवकाश होता, पण जागेवरून मारामारी चालू झाली होती. मी तर यादीतही नव्हतो. एक म्हणजे मी पंचेचाळीसचा, आणि दुसरं म्हणजे मी चारचौघांत सांगितलेलं होतं की मला घोडेगावच्या स्मशानात सरळ जाळा, ही बसायची भानगड मला नको.

वही काढून मी ओळीनं नोंद घेत चाललो. नवव्या ओळीत, तीनच्या सीटवर, खिडकीकडच्या चौकात आईची चष्म्याची डबी. ती तिनं सावळेरामच्या हाती पाठवली होती. मधला चौक रिकामा. आणि वाटेकडच्या चौकात एक पटका.

पटका ओला होता. मे महिना, अकराचं ऊन, बाकीचे टॉवेल वाळून पापड झालेले, आणि ह्या पटक्यातून पाणी ठिबकत होतं. त्याच्याखालची माती चिखल झाली होती. मी उचलला तर गाळाचा वास आला, तळ्याच्या तळातला असतो तसा. रंग कधीकाळी तांबडा असावा. ज्या टोकाला हात लागला तिथं गाठ मारलेली होती आणि गाठीच्या आत खडा होता.

आता गाठीत खडा बांधतात तो लांबून फेकायला. इथं माणसं चालत येऊन टॉवेल अंथरत होती, फेकायचं काही कारणच नव्हतं. मी आजूबाजूला विचारलं. कुणीच आपला म्हणेना. मग मी माझ्या परीनं निकाल लावला. आईनं सावळेरामला दोन वस्तू देऊन पाठवलं असणार, आणि दुसरी जरा भिजवून, म्हणजे मी घाबरावं. सावळेराम शपथेवर नाही म्हणाला. मी पटका पिळला, मोटारसायकलच्या हँडलला बांधला आणि घरी निघालो. एक मात्र मला तेव्हाच खटकलं होतं. बाईला नवऱ्याला लागून बसायचंय, मग मधे एक जागा सोडून पटका कशाला टाकेल.

४

अंगणातल्या दोरीवर पटका टाकला. आई ओट्यावर लसूण सोलत होती. तिनं मान वर केली, गाठ बघितली आणि हातातला लसूण खाली ठेवला.

मी तिला झापायला तोंड उघडणार, तर ती हसली. दोन दिवसांत पहिल्यांदा माझ्याकडं तोंड करून बसली आणि सांगायला लागली. माझा बाप म्हणे घोडेगावच्या स्टँडवर जागा धरण्यात पटाईत होता. गाडी वळणावर दिसली की हा धावत सुटायचा, डोक्यावरचा पटका काढायचा आणि खिडकीतून आत भिरकवायचा. पटका वाऱ्यावर कुठंही जाऊ नये म्हणून टोकाला खडा बांधलेला असायचा. नेम कधी चुकला नाही. बाकीची माणसं रुमाल टाकून भांडत बसायची, आणि हा बोडक्या डोक्यानं सावकाश गाडीत चढायचा.

मी म्हटलं, असे पटके तालुक्यात हजार असतील. असतील, ती म्हणाली. मग मी मधल्या जागेचं विचारलं. सहजच. वकिलानं साक्षीदाराला पकडावं तसं मला तिला पकडायचं होतं.

"मधी तू बसायचास," आई म्हणाली. "खिडकीला मी, मला मळमळायचं म्हून. वाटंला त्यो. तीन जागा धरायचा."

"आणि माझी कशानं धरायचा?"

"तुझ्याच पायातली चप्पल काढायचा. तू माझ्या कडंवर. पटक्यामागनं चप्पल टाकायचा आन् तू एका पायानं अनवाणी रडत गाडीत चढायचास."

मला ह्यातलं काही आठवत नाही. बापाचा चेहराही आठवत नाही, घरात फोटो नाही. मी मनाला समजावलं की म्हातारीनं स्वतःच रचलेला बनाव ती स्वतःच रंगवून सांगतेय. पण तिच्या गुडघ्यांनी तिला अंगणाच्या फाटकापलीकडं जाता येत नाही, आणि ती जागा चढावर, अर्ध्या कोसावर. हे मी मुद्दाम जास्त वेळ मनात ठेवलं नाही.

गुरुवारी सकाळी दोरीवर पटका नव्हता. खाली ओल होती. आई झोपलेलीच होती. मी जाग्यावर गेलो तेव्हा तो नवव्या ओळीत, वाटेकडच्या चौकात होता, आणि गाठीतला खडा बरोबर चौकाच्या मध्यावर पडला होता. मी टेप लावून बघितलं. चारही खुंट्यांपासून अंतर सारखं भरलं.

५

मग मी ठरवलं की हे कोण करतंय ते आपण बघायचं. भरदुपारी, उघड्या माळावर, कडेची करंजं सोडली तर लपायला झुडूप नाही अशा ठिकाणी. भूतबित असेल तर त्याचीही गैरसोय. पटका पिळून एका जाड पिशवीत घातला, पिशवीच्या तोंडाला गाठ मारली, ती मोटारसायकलच्या डिकीत टाकली आणि किल्ली खिशात ठेवली. सावळेरामला सोबतीला बसवला. तो पाच मिनिटांत करंजाखाली आ वासून झोपला. त्याच्या घोरण्यानं मला बरं वाटत होतं, हे कबूल करतो.

साडेबारा झाले असतील. ऊन असं की सुतळ्या कुरकुरत होत्या. मी चौथ्या ओळीत वाकून एक तिरपी खुंटी सरळ करत होतो. मागं आवाज झाला. ओलं कापड दगडावर आपटावं तसा, फत्त करून. लगेच दुसरा, हलका.

मला वळायचं नव्हतं. मी खुंटी सरळच करत राहिलो, ती सरळ झाली तरी. सावळेरामचं घोरणं थांबलं होतं. मग वाटलं, गोरख, तू आकडे मोजणारा माणूस, वळून बघ. वळलो.

नवव्या ओळीत वाटेकडच्या चौकात पटका पडला होता, आणि त्याच्यातून पाणी चहूकडं पसरत होतं. किल्ली माझ्या खिशात होती, मी वरून दाबून बघितली. मधल्या चौकात एक चप्पल होती. रबराची, निळ्या पट्ट्याची, लहान पोराची. टेप हातातच होती, सवयीनं मोजली. सहा इंच.

तेव्हा मी खाली धरणाकडं बघितलं. उतरलेल्या पाण्याच्या कडेला, कमरेइतक्या पाण्यात कुणीतरी उभं होतं. चेहरा कळण्याएवढं जवळ नव्हतं. एक हात खांद्यापासून वर उचललेला, पंजा उघडा, काहीतरी फेकून झाल्यावर क्षणभर राहतो तसा. डोकं बोडकं होतं. तिथून इथवर दीडशे पावलं, आणि चढ. मी डोळे मिचकावले, घाम पुसला, परत बघितलं तर नुसतं पाणी, आणि पाण्यावर गोल गोल वलयं.

जाळी टाकणारा कुणी मासेवाला असेल, मी मोठ्यानं म्हटलं. सावळेराम उठून बसला होता. त्यानं पटक्याकडं बघितलं, चपलेकडं बघितलं, आणि मला म्हणाला की आजपासून ह्या ओळीतले खड्डे तू खण. तो पहार तिथंच टाकून गेला.

मी डिकी उघडली. पिशवी होती, तोंडाची गाठ तशीच होती, आत तळाला थोडा गाळ होता.

६

चप्पल मी आईच्या मांडीवर नेऊन ठेवली. मला तिच्याकडून एकच ऐकायचं होतं, की अशा चपला बाजारात ढिगानं मिळतात.

तिनं ती उलटीपालटी केली. पट्ट्याला एके ठिकाणी तार घालून शिवलेलं होतं. त्या तारेवरून तिनं बोट फिरवलं.

"जोडीतली एक गाडीतच ऱ्हायली," ती म्हणाली. "कंडक्टरला इचारून आणतो म्हणला. दुसऱ्या दिशीच ताप भरला. तू लई रडत व्हतास, माझी चप्पल, माझी चप्पल. म्हून त्याला बसवताना ऱ्हायलेली ही एक मीच त्याच्या मांडीवर ठिवली. म्हनलं, जोडी लावून आन."

मी ओट्यावर बसलो. मला भयंकर राग आला होता, कुणावर ते कळत नव्हतं. मी तिला विचारलं, गाडी फलाटाला लागल्याशिवाय कुणी रुमाल टाकत नाही. मग ह्यानं माझी जागा आत्ता का धरली. मला काय झालंय. मला बीपीसुद्धा नाही.

आईनं माझ्या डोक्यावर हात ठेवला. "त्यो लई आधी जायाचा रे," ती म्हणाली. "गाडी चारची असली तर हा एक वाजताच स्टँडवर. कधी कधी मी म्हनायची, आवो, यवढी काय घाई. घाबरू नगं." मग म्हणाली, "पर त्याला कुठं ठावं तू केवढा झालास. त्याच्या लेखी तू चार वर्साचाच."

ते ऐकलं आणि मला रडू आलं. बायको समोर नव्हती म्हणून बरं झालं. चाळीस वर्षं तो माणूस पाण्याखाली मांडी घालून बसलाय, मांडीवर माझी सहा इंचाची चप्पल, आणि मी त्याच्या बायकोला जिवंत माणूस एक, जागा एक असा नियम शिकवत होतो.

संध्याकाळी ग्रामसभेत मोहिनी नावं वाचत होती. नववी ओळ आली. खिडकीकडं तुकाबाई. मी उभा राहून म्हटलं, वाटेकडं बहिरू लिही. मोहिनीनं बहिरू कोण म्हणून विचारलं नाही, तिला ठाऊक होतं, पण नियम तूच केलायस हे तिनं सांगितलं. मी म्हटलं, नियम चुकला. मग लंकाबाई उठली, आणि मी मान खाली घातली, आता ही सोलून काढणार. तिनं पदरानं नाक पुसलं आणि सांगितलं की ती वीट बहिणीची नव्हती. आमच्या ह्यांचं बी नाव लिहा. त्याच्यामागनं एकेक करत माणसं उठायला लागली. नवव्या ओळीतली मधली सोडली तर सगळ्या जागा पाऊण तासात संपल्या, तरी लोक उभेच होते. माझा पन्नास वर्षांचा हिशेब तिथंच बुडाला. मोहिनीनं माझ्याकडं असं बघितलं की मी लगेच कबूल केलं, नवा नकाशा काढून देतो, तोही फुकट.

"आणि मधली कुणाची?" तिनं पेन वर धरून विचारलं.

मला जाळा, असं मी ह्याच लोकांसमोर किती वेळा म्हणालो होतो. "गोरख लिही," मी म्हटलं.

सभा उठल्यावर उजेड होता तोवर मी वर जाऊन आलो. लहान चप्पल होती तिथं मधल्या चौकात परत ठेवली. मग माझ्या उजव्या पायातली काढली, नऊ नंबरची, टाच झिजलेली, आणि तिच्या शेजारी लावून ठेवली. एवढंच, त्याला कळावं म्हणून. खाली पाण्याकडं मी बघितलं नाही.

७

शुक्रवारी सकाळी आईनं मला हाताला धरून न्यायला लावलं. अर्धा कोस चढ, सात ठिकाणी बसत बसत. दुसरी चप्पल मी घोडेगावहून आणलेलीच नव्हती.

लोकांचे टॉवेल वाळून कडक झाले होते. शेळी कुणीतरी नेली होती. नवव्या ओळीत चष्म्याची डबी होती. वाटेकडच्या चौकात नुसता चिखल, पटका नव्हता. तो मधल्या चौकात होता. लहान चप्पल तिथं नव्हती. माझी होती, चिंब भिजलेली, आणि तिच्या पट्ट्यातून पटक्याचं टोक ओवून वर गाठ मारलेली होती. वाऱ्यानं किंवा कुणाच्या पायानं हलू नये अशी. गाठीत खडा होता.

मी सोडवायला गेलो तर आईनं माझा हात धरला. म्हणाली, ऱ्हाऊ दे, त्यानं धरलीय. मग ती आपल्या चौकात, खिडकीकडं, जरा टेकून बसली आणि धरणाकडं बघत राहिली, आणि मी तिच्या उठण्याची वाट बघत वाटेतच उभा राहिलो. मधे बसलो नाही. उन्हं चढल्यावर तिला पाठुंगळी घेतलं आणि एका पायानं अनवाणी घरी आलो.